खोदण्याआधी खाली गॅसची लाईन आहे का ते बघा

संपादक महोदय,

शहरात जिकडंतिकडं पाइप गॅसच्या लाईन पडल्यात, सोय झाली हे मान्यच, पण त्याच रस्त्यावर पाणी, ड्रेनेज, केबल असं एकामागून एक खोदकाम चालूच असतं आणि जेसीबीवाल्याला खाली काय आहे ते कुणी सांगितलेलंच नसतं. आमच्या गल्लीत परवा बकेटमधून गॅस लाईनच्या वर पुरलेली पिवळी वॉर्निंग टेप फाटून वर आली तरी काम थांबेना, खड्ड्यात स्लीपर घातलेली दोन पोरं आणि वर मुकादम बिडी ओढतोय! शेजारच्या काकूंनी आरडाओरडा केला तेव्हा थांबले. लाईन फुटली असती तर आधी ती पोरंच गेली असती.

आंध्रातल्या नगरम गावात २७ जून २०१४ ला पहाटे 'गेल' (GAIL) या सरकारी गॅस कंपनीची लाईन फुटली, २० च्या वर माणसं गेली, घरं आणि नारळाच्या बागा जळाल्या. कोरड्या गॅससाठीच्या पाइपातून ओला गॅस जात होता, त्यातल्या पाण्यानं पाइप आतून गंजला, आणि गळती होतेय हे गावकरी आधीपासून सांगत होते. आग नाही लागली तरी गळलेला गॅस, म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेत जातोच, २० वर्षांच्या हिशोबानं तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साईडपेक्षा पृथ्वीला सुमारे ८० पट जास्त तापवतो.

खोदण्याआधी खालच्या लाईनवाल्यांना कळवायचं केंद्राचं 'कॉल बिफोर यू डिग' अ‍ॅप मार्च २०२३ पासून आहे, त्यावर नोंद असल्याशिवाय महापालिकेनं खोदाईची परवानगीच देऊ नये, आणि गॅस कंपनीचा माणूस जागेवर नसेल तर जेसीबी चालू करू देऊ नये. मजुरांना निदान बूट द्या, वास आला तर काय करायचं ते तरी सांगा.

– एक वाचक, पुणे