फी भरून झाल्यावर लिहिलेलं पत्र

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

आधी सांगून टाकते. राजीनामा दिला आणि हैदराबादला इफ्लूत, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषांच्या विद्यापीठात, एम. ए. इंग्रजीला प्रवेश घेतला. विचारलं असतं तर बाबा, तुम्ही नाही म्हणाला नसतात. पण आठ दिवस नीट जेवला नसतात. म्हणून आधी फी भरली. रागवा, पण सगळं वाचून रागवा.

"इंग्रजी तर तुला येतंच की," असं आई म्हणणार. येतं ते कामापुरतं. 1958 साली ही संस्था निघाली तीच इंग्रजी शिकवणाऱ्यांना तयार करायला. केंद्रीय विद्यापीठ ती 2007 मध्ये झाली. तिथे भाषा खोलून बघतात. ब्रिटिश प्रमाण उच्चारांत 44 ध्वनी मानतात, 20 स्वर आणि 24 व्यंजनं. आपण 'व्हॅन' आणि 'वॉच' वेगळं लिहितो खरं, पण बोलताना दोन्हीकडे एकच व. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, दुसऱ्याला नुसते ओठ गोल करायचे. आघाताचंही तसंच. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, 'फोटोग्राफी'त 'टो'वर, 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रा'वर. शब्द एका घरातले, पण आघात चुकला की ऐकणारा अडखळतो.

माझा खरा जीव मात्र भाषांतरात. आई, तू सहज म्हणतेस, "घरी येऊन, हातपाय धुऊन, दिवा लावून मग बसले." इंग्रजीत हे 'ऊन-ऊन' तसंच ठेवलं की वाक्य लंगडतं. ते तोडून दोन-तीन वाक्यं करावी लागतात, आणि तोडलं की तुझी लय जाते. "सुमन आजारी आहे म्हणे" यातल्या 'म्हणे'चं काय करायचं? 'असं ऐकलं' म्हटलं तर टोमणा जातो, 'म्हणे तरी तसं' म्हटलं तर जास्तच टोचतं. आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्या एकाच 'आंट'मध्ये कोंबायच्या, किंवा शब्द तसाच ठेवून पुढच्या ओळीत नातं कळू द्यायचं. मला दुसरं पटतं. तळटीप लावली की वाचणारा गोष्टीतून उठून जातो.

पद्धतही आहे याला. पहिला खर्डा मूळ शेजारी ठेवून, शब्दाला शब्द, ओबडधोबड. मग दोन दिवस हात लावायचा नाही. दुसरा खर्डा मूळ झाकून, मोठ्याने वाचत. शेवटी पुन्हा मूळ काढून ओळीला ओळ लावायची, कारण वाक्य सुबक झालं की नेमकं त्यातूनच काहीतरी गळालेलं असतं.

आता पैसे. घराचे हप्ते वर्षभराचे वेगळ्या खात्यात ठेवलेत, त्याला हात लावणार नाही. एम. ए.च्या शेवटच्या वर्षी नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, देता येते: पहिला पेपर 50 प्रश्न, 100 गुण, दुसरा इंग्रजीचा 100 प्रश्न, 200 गुण, तीन तास सलग. चुकलं तरी गुण कापत नाहीत. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिन्याला 37,000. वयाची अट तिशीची, पण मुलींना पाच वर्षं सूट आहे, म्हणून माझं वय निघून चाललं असं काकांना सांगू देऊ नका. एम. ए.ला 55 टक्के मात्र हवेतच.

आणि बाबा, इफ्लू उस्मानिया विद्यापीठाला लागूनच आहे. त्या विद्यापीठाआधी, 1917 मध्ये, निजामाने भाषांतरखातं काढलं होतं, दारुल तर्जुमा. शास्त्राची पुस्तकं उर्दूत आणायला. अण्णांची ट्रंकेतली उर्दूतली गणिताची वही आठवते? त्यातले शब्द कुठून आले असतील, याचा मी आता शोध घेणार. वही झुरळांपासून जपा.

देवगिरीने परभणीत बसलं की सिकंदराबादपर्यंत गाडी बदलायची नाही. मी नीट जेवीन. हैदराबादेत ज्वारीची भाकरीही मिळते. आई, गुडघ्याला पट्टा लावल्याशिवाय गच्चीवर जायचं नाही. बाबा, बीपीची गोळी संपायच्या आधी चार दिवस नवीन पाकीट आणायचं. 'आज बरं वाटतंय' म्हणून बंद करायची नाही. खरंच नाही.

उत्तर फोनवर नको. लिहून पाठवा, आणि आईच्या हातच्या दोन ओळी असू देत. तिच्या बोलण्यातलं 'म्हणे' मला कागदावर हवंय.

तुमची,
छकुली