उद्यापतीचे उशिराचे पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर देण्यास मला आठ महिने लागले. या काळात तीन उत्तरे लिहायला घेतली होती. एक चार पानांपर्यंत गेले, दुसरे तुझ्या नावापाशीच थांबले आणि तिसरे कोठे आहे ते मला ठाऊक नाही. 'उद्योगपती होणार होतास, उद्यापती झालास' असे म्हणून तू दिलेली पदवी मी अजून सांभाळून आहे, एवढेच यावरून समज. प्रकृती बरी आहे. रक्तदाब मोजून वहीत लिहून ठेवतो, कारण एक गोळी चालू आहे; ती कशाची हे पुढे येईलच. दादाचे गुडघे आणि दादाचा स्वभाव, दोन्ही पूर्वीसारखेच आहेत.

आज लिहायला बसलो त्याला कारण एक शब्द आहे. माझ्या हाताखाली सव्वीस वर्षांचा एक मुलगा काम करतो आणि त्याचा वार्षिक अहवाल मला पंधरा तारखेपर्यंत द्यायचा आहे. परवा साहेबांनी बोलावून सांगितले, "फार पाल्हाळ लावू नका. 'कामाबाबत बेपर्वा' एवढे लिहा, पुरे." मी बरे म्हणून जागेवर आलो आणि तासभर त्या रिकाम्या रकान्याकडे पाहत बसलो. हा शब्द तू मला कधी आणि कोणत्या आवाजात ऐकवला होतास ते तू विसरला नसशील. दुसऱ्या कोणाला हे सांगून उपयोग नव्हता.

हा मुलगा कसा आहे ते सांगतो. मागच्या महिन्यात त्याने पाण्याच्या एका टाकीच्या भिंतीतील सळयांची अशी मांडणी सुचवली, की वीस वर्षे हेच काम करूनही ती मला सुचली नव्हती. त्याच आठवड्यात त्याने त्याच भिंतीचे तिसऱ्या रिव्हिजनचे, म्हणजे नव्या सुधारित आवृत्तीचे, ड्रॉइंग पाठवण्याऐवजी दुसऱ्या रिव्हिजनचे साइटवर धाडले. तिथल्या सुपरवायझरला पाइपसाठीचे भोक जागेवर दिसेना, म्हणून त्याने काँक्रीट ओतण्यापूर्वी फोन केला आणि सारे निभावले. मुलगा माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "सर, मला माहीत होते. जुनी फाइल काढून टाकायची हे मी सकाळीच ठरवले होते." त्याचे कान लाल झाले होते आणि हातातल्या पेनाचे टोपण तो सारखा काढत-घालत होता. 'मला माहीत होते' हे वाक्य मी आयुष्यात किती जणांसमोर उभे राहून म्हटले असेल, याचा हिशेब तुझ्याकडेच असेल.

आता गोळीविषयी. दोन वर्षांपूर्वी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, मला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवता न येण्याचा विकार, असल्याचे निदान झाले. तुला तेव्हाच कळवायला हवे होते. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी दोन लांबलचक बैठका घेतल्या. रक्ताच्या तपासणीत किंवा मेंदूच्या स्कॅनमध्ये सापडणारी ही गोष्ट नाही. खोदून खोदून विचारणे हीच तपासणी. थायरॉइड, झोप आणि नैराश्य यांचा छडा त्यांनी आधी लावला, कारण त्यांच्यामुळेही माणूस असाच भरकटतो. नऊ-नऊ लक्षणांच्या दोन याद्या असतात. प्रौढ माणसात त्यांपैकी एका यादीतील किमान पाच लक्षणे सहा महिने तरी टिकून असावी लागतात, ती घर आणि काम अशा एकाहून अधिक ठिकाणी नडावी लागतात, आणि मुख्य म्हणजे त्यांतली काही बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात. म्हणून दादाने माळ्यावरून शाळेची प्रगतिपुस्तके शोधून काढली. पाच इयत्ता, पाच वेगळी हस्ताक्षरे आणि एकच शेरा: 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' बाईंनी प्रत्येक 'पण'खाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली.

हे आजकालचे फॅड आहे असे तुझ्या ओठांवर आले असेल, म्हणून सांगतो: अलेक्झांडर क्रायटन नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने १७९८ सालीच, एका गोष्टीवर लक्ष स्थिर ठेवता न येण्याच्या या अवस्थेचे वर्णन केले आहे आणि ती जन्मजात असू शकते असेही लिहिले आहे. वयाबरोबर ती कमी होते, असेही तो म्हणतो. तो मला भेटला नव्हता. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून यात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के मानतात. हे वाचले तेव्हा मला बाबा आठवले. ते रोज तीनदा घराबाहेर पडत, एकदा चष्म्यासाठी परत येऊन आणि एकदा किल्ल्यांसाठी; आणि ही त्यांची लकब आहे असे आपण समजत होतो.

आता त्या पाकिटाविषयी. वीस वर्षे आपण दोघांनी ते नाव काढले नाही. तुझ्या वडिलांच्या आजारपणामुळे तू घरी गेलास आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाचे पाकीट माझ्या हातात देऊन गेलास. ते अकरा दिवस माझ्या पिशवीत राहिले आणि तुझे वर्ष गेले. तू म्हणालास, मी बेपर्वा आहे, मला तुझी किंमत नाही. खरी गोष्ट अशी, की त्या अकरा दिवसांत असा एकही दिवस गेला नाही जेव्हा मला ते पाकीट आठवले नाही. ते अंघोळ करताना आठवत असे, रात्री दिवा मालवल्यावर आठवत असे, बसमध्ये पिशवी घरी राहिलेली असताना आठवत असे. कार्यालय उघडे, पिशवी खांद्यावर आणि मी त्या दारासमोर, या तिन्ही गोष्टी जुळत त्याच वेळी नेमके ते डोक्यात नसे. रसेल बार्कली या मानसशास्त्रज्ञाने म्हटले आहे, की या माणसांची अडचण काय करावे हे न कळण्यात नसते, जे कळते ते नेमक्या वेळी करण्यात असते. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ बाल्कनीत उभा राहिलो. कारण सापडले म्हणून तुझे वर्ष परत येत नाही, हे मला समजते. तरी तुला ते ठाऊक असावे, एवढ्यासाठी लिहिले.

आणखी एक गोष्ट तेव्हा उमजली. परीक्षेच्या आधी मी रोज रात्री तुझ्या खोलीत येऊन बसत असे आणि मी तुझ्या वह्यांसाठी येतो असे तू सगळ्यांना सांगत असस. मला तुझे अक्षर कधीच लागले नाही. शेजारी दुसरे कोणी मुकाट्याने काम करत असले की माझेही काम होते, एवढेच त्यामागचे गुपित होते; या युक्तीला आता नाव आहे आणि पुष्कळ लोक ती जाणूनबुजून वापरतात. मी ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याबरोबर रोज सकाळी दीड तास व्हिडिओवर बसतो. आवाज बंद, दोघेही आपापल्या ड्रॉइंगवर. तो तुझ्यासारखा पेन्सिलीचे टोक चावत नाही, ही सुधारणाच म्हणायची.

गोळीची गंमतही सांगतो. मेथिलफेनिडेटने (हे त्या गोळीतले औषध) माणूस हुशार होतो असे नाही. जे समोर येईल त्यात मन टिकते, मग ते समोर आलेले काहीही असो. पहिल्या आठवड्यात एका सकाळी मी चार तास खपून घरातले सगळे स्क्रू लांबीनुसार लावले आणि ऑफिसला उशिरा पोचलो. तुझ्या वहिनीने ती डबी पुरावा म्हणून जपून ठेवली आहे. तेव्हापासून नियम केला आहे, की गोळी घेण्याआधी कागदावर एकच काम लिहायचे आणि तो कागद कीबोर्डवर ठेवायचा. दुपारनंतर गोळी घेतली तर झोप उडते, भूकही मंदावते. पण बाई डोस तपासत राहतात, त्यामुळे तक्रार नाही. उरलेले काम वहीचे आहे. एक महिनाभर मी प्रत्येक कामाला लागेल असे वाटणारा वेळ आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ शेजारी शेजारी लिहिला. तयार होऊन घराबाहेर पडायला माझ्या मते दहा मिनिटे लागत होती, प्रत्यक्षात पस्तीस लागत होती. ड्रॉइंग तपासण्याच्या माझ्या चाळीस मिनिटांचे मोजून पावणेदोन तास होत होते. आता मी मनातला आकडा अडीचपट करून सांगतो आणि लोक मला वक्तशीर समजू लागले आहेत. आपल्याला शिकवणाऱ्या सरांना हे कळले असते तर ते खुर्चीवरून पडले असते.

तर प्रश्न असा, की या मुलाला मी काय सांगावे? त्याला हेच आहे असे मी कोणत्या अधिकाराने म्हणू? कदाचित त्याची झोप होत नसेल, घरी काही बिनसले असेल, किंवा सव्वीस वर्षांच्या माणसाचे लक्ष उडण्याची जी सर्वांत जुनी कारणे आहेत त्यांतले एखादे असेल. ज्याच्या हातात त्याची पगारवाढ आहे त्या वरिष्ठाने 'तू एकदा डॉक्टरांना भेट' असे म्हणणे हा सल्ला राहत नाही, तो हुकूम होतो. आणि स्वतःचे उघड करून सांगावे, तर ते संध्याकाळपर्यंत साहेबांच्या खोलीत पोचेल. साहेब वाईट नाहीत, पण 'हल्ली ज्याला त्याला हेच असते' असे ते जेवणाच्या सुट्टीत दोनदा म्हणाले आहेत. माझ्या सहीने भिंती उभ्या राहतात, मित्रा. उद्या माझी एखादी साधी चूक झाली, तर ती माणसाची चूक म्हणून पाहिली जाईल की आजाराच्या खाती मांडली जाईल, ही भीती मला आहे आणि ती तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

गंमत अशी, की माझ्या चुका फारशा होतच नाहीत. मी प्रत्येक आकडा तीनदा तपासतो, रद्द झालेल्या ड्रॉइंगवर आडवी लाल रेघ मारून ते त्याच क्षणी दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकतो, फोनवरचे बोलणे फोन ठेवण्याआधी लिहून काढतो. हे सगळे मी करतो कारण मला स्वतःवर काडीचा भरवसा नाही, आणि तो भरवसा मी तुझ्या पाकिटापाशी कायमचा गमावला. त्या मुलाचा मात्र आपल्या स्मरणशक्तीवर अजून विश्वास आहे, आणि घोटाळा आहे तो इथेच. तो खरोखर समजतो, की उद्या लक्षात राहील.

तोवर कोणाचेही नाव न घेता मी काही फेरफार केले आहेत. जुन्या रिव्हिजन सगळ्यांच्याच फोल्डरमधून हलवल्या. तोंडी सूचना देणे बंद करून दोन ओळी लिहून देतो. त्याच्या तीन आठवड्यांच्या कामाचे तीन तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला वेगळी तारीख दिली, कारण आमच्यासारख्यांना एकतर 'आत्ता' दिसते किंवा 'आत्ता नाही' दिसते, मधला पल्ला दिसत नाही. बाकीच्यांनाही हे सोयीचेच झाले. मुलगा मागच्या दोन तारखा पाळून आहे. साहेबांचे म्हणणे, की तो घाबरून सुधारला.

अहवालात मी काय लिहिणार हे बहुधा ठरले आहे. काय घडले ते तारखेसह लिहीन, टाकीच्या भिंतीची मांडणी लिहीन, चुकीचे ड्रॉइंग गेले तेही लिहीन, पुढे काय व्यवस्था केली ते लिहीन, आणि तो शब्द लिहिणार नाही. साहेब चिडतील; चिडू देत. मात्र अहवाल देऊन झाल्यावर त्या मुलाला खोलीत बसवून स्वतःची गोष्ट सांगावी की नाही, इथे माझे पाऊल अडते. म्हणून तुला विचारतो. बावीस वर्षांच्या मला तू जवळून पाहिले आहेस. त्या वयात कोणी मला बाजूला घेऊन आपल्या अशाच एखाद्या पाकिटाची हकीकत सांगितली असती, तर मी ऐकले असते, की हसण्यावारी नेऊन निघून गेलो असतो? मला उत्तर देता येत नाही, कारण मी स्वतःला तेव्हा पाहतच नव्हतो. तू पाहत होतास, आणि बहुतेक वेळा रागाने पाहत होतास, म्हणजे नीटच पाहत असशील.

तुझे नवे काम रुळले का? मुलीचा निकाल लागला असेल, तिला माझा आशीर्वाद सांग. आईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, हे दादाकडून कळले, त्यांना नमस्कार. तुझा ड्रॉइंगचा टी-स्क्वेअर माझ्याकडे नाही, हे मी पाचव्यांदा लिहितो आहे.

उत्तर पंधरा तारखेच्या आत पाठव. उशीर करण्याचा हक्क तुला नाही, ते खाते माझे आहे. पत्र पाकिटात घालून, पत्ता लिहून, तिकीट लावून ते मी बाहेरच्या दाराच्या कडीला सुतळीने बांधणार आहे, म्हणजे सकाळी गाठ सोडल्याशिवाय मला घराबाहेर पडता येणार नाही.

तुझाच,
उद्यापती