तक्रार: माझ्या नावाने एजंटांना गेलेलं दुसरं पत्र आणि कालचा फोन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(आणि 'एजंट संपर्क' पॅकेज ज्यांनी बनवलं, ज्यांनी मंजूर केलं, ते सगळे)

काल दुपारी मी तुमच्या ग्राहक सेवेशी 47 मिनिटं फोनवर होतो. त्यातली 22 मिनिटं तुमचं होल्डवरचं संगीत ऐकण्यात गेली. हा या महिन्यातला पाचवा फोन. सहावा करणार नाही, म्हणून लिहितोय.

पॅकेजमध्ये काय आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. ईमेलने जाणारी तीन पत्रांची मालिका, एजंटांची यादी, दर सोमवारी येणारा तो हिरव्या बाणांचा अहवाल. मी ते घेतलं तेव्हा माझा घर-तपासणीचा व्यवसाय जेमतेम दोन महिन्यांचा होता. घर विकत घेण्याआधी ते छतापासून पायापर्यंत बघून दोष लिहून देणं, एवढंच माझं काम. हे काम बहुतेक वेळा घरांचे सौदे करून देणाऱ्या एजंटच्या ओळखीतून येतं, म्हणून एजंटांपर्यंत पोचायचं होतं. तुमच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'आम्हाला तुमचा धंदा कळतो.'

पहिल्या पत्रात तुम्ही 'घर-तपासणी'चं 'घरझडती' केलंत. 'आम्ही आपल्या ग्राहकाच्या घराची सखोल घरझडती घेऊ.' मसुदा दाखवला तेव्हा मी हा शब्द बदलून दिला होता, लेखी. तरी गेला. एका एजंटने उत्तरात विचारलं, वॉरंट घेऊन येणार की असेच? मी हसून सोडून दिलं. त्याच वेळी पॅकेज बंद करायला हवं होतं.

यादीबद्दलही थोडक्यात. त्यात फक्त भाड्याची घरं बघणारे होते, कधीच निवृत्त झालेले होते, आणि एक गृहस्थ वारलेले होते. त्यांच्या मुलाने अतिशय सभ्य शब्दांत तसं कळवलं. त्याला माफीचं पत्र मी लिहिलं, तुम्ही नाही.

आता दुसरं पत्र. त्यातला 'पार्टनर ऑफर'चा भाग तुमच्या सिस्टीममध्ये आपोआप चालू असतो, हे मला काल कळलं. मंजुरीसाठी मला फक्त पहिलं पत्र दाखवलं होतं. दुसऱ्यात माझ्या नावाखाली, माझ्या सहीच्या चित्रासकट, ही दोन वाक्यं गेली: 'प्रत्येक रेफरलमागे आकर्षक कमिशन मिळवा. आमचा रिपोर्ट तुमचा सौदा कधीही अडवणार नाही.'

परत वाचा. घाई नाही.

माझी फी घर घेणारा देतो. एजंटला पैसे मिळतात ते सौदा पूर्ण झाल्यावर. मी एजंटला कमिशन द्यायला लागलो, तर टॉर्च घेऊन माळ्यावर चढतो तेव्हा मी कुणाचा माणूस असतो? ही माझी खाजगी सोवळ्याची कल्पना नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स ही 1976 मध्ये स्थापन झालेली संस्था. तिच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलंय की काम पाठवण्याबद्दल किंवा शिफारशीच्या यादीत नाव घालण्याबद्दल तपासनिसाने एजंटला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष मोबदला द्यायचा नाही. ज्यांना 'आमचा धंदा कळतो' त्यांनी हे एकदा तरी वाचलेलं असावं, ही अपेक्षा जास्त होती का?

ज्या एक बाई या भागात सगळ्यात नावाजलेल्या एजंट आहेत, त्यांच्यासाठी मी तीन आठवडे घातले होते. त्यांच्या साप्ताहिक बैठकीत वीस मिनिटं बोललो, नमुन्याचा रिपोर्ट दिला, तो कसा वाचायचा ते दाखवलं. त्या प्रत्येक ग्राहकाला तीन तपासनिसांची नावं देतात आणि निवड त्याच्यावर सोडतात, म्हणजे उद्या कुणी 'तुम्ही तुमचा माणूस गळ्यात मारलात' म्हणायला नको. तिसरं नाव माझं लागलं होतं. पत्र गेलं त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "हे तुम्हीच लिहिलंत का?" मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, "सही तर तुमचीच आहे." मग जरा थांबून, "यादीत सध्या दोनच नावं ठेवतेय."

कमिशनचं वाचून आनंदाने उत्तर देणारेही भेटले. दोन. दोघांनाही मी नकार कळवला. म्हणजे तुमच्या अख्ख्या मोहिमेतून मला दोन माणसं मिळाली आणि दोन्ही नको असलेली.

आता कालचा फोन. तो तुमच्याकडे रेकॉर्ड असेलच, 'गुणवत्तेसाठी'. जरूर ऐका. तरी माझ्याकडूनही सांगतो, कारण रात्रभर तोच डोक्यात चाललाय.

तुमच्या प्रतिनिधीने आधी अभिनंदन केलं. "सर, तुमचा ओपन रेट 61 टक्के आहे, टॉप परफॉर्मन्स!" म्हणजे शंभरातल्या 61 जणांनी पत्र उघडलं. मी म्हणालो, ॲपलच्या मेलमध्ये सप्टेंबर 2021 पासून अशी सोय आहे की माणसाने पत्र उघडलं नाही तरी त्यातलं मोजणीचं चित्र (जे उतरलं की पत्र उघडलं असं धरतात) आधीच उतरवलं जातं. तेव्हा या 61 मध्ये माणसं किती आणि यंत्रं किती, ते सांगा. "सर, ते टेक्निकल टीम बघते." बरं. मी कमिशनच्या वाक्यावर आलो. तो म्हणाला, "सर, ते टेम्पलेट आहे, सगळ्यांना तेच जातं." जणू त्यामुळे मला हायसं वाटावं. मग आवाज खाली आणून, घरच्या माणसासारखा:

"सर, एक सांगू का? रागावू नका. एजंटला घाबरवणारा इन्स्पेक्टर नको असतो. तुम्ही रिपोर्ट जरा सॉफ्ट ठेवा ना."

"सॉफ्ट म्हणजे?"

"म्हणजे ओल असली तर डायरेक्ट ओल नाही लिहायचं. 'किरकोळ आर्द्रता' लिहायचं."

मी गप्प बसलो. त्याला वाटलं, पटलं. गेल्याच आठवड्यात मी एक घर बघितलं होतं. झोपायच्या खोलीत छताच्या एकाच कोपऱ्यात ताजा रंग. थर्मल कॅमेऱ्यात तिथे थंड डाग दिसला. कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, पृष्ठभागाचं तापमान दिसतं. डाग दुसऱ्या कशानेही पडू शकतो, म्हणून मॉइश्चर मीटर लावला. आकडा चढा. मग वरच्या न्हाणीघरातला शॉवर अर्धा तास चालू ठेवला आणि खाली डाग पसरताना पाहिला. शॉवरच्या जाळीखालचा जोड गळत होता आणि विकणाऱ्याने वरून रंग मारला होता. ही तुमच्या माणसाची 'किरकोळ आर्द्रता'. ते घर घेणारं जोडपं माझ्या शेजारी उभं होतं.

हे सगळं मी त्याला सांगितलं. पूर्ण. तो म्हणाला, "सर, तुम्ही इमोशनल होताय." आणि पुढच्याच श्वासात, "बाय द वे सर, इन्स्पेक्शनमध्ये फर्निचर पण बघता का? अपग्रेडमध्ये इंटिरियरवाल्यांची पण लिस्ट आहे."

त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्यापुढे जे लिहून ठेवलंय ते तो वाचतो. ते कुणी लिहून ठेवलंय, त्यांच्यावर आहे.

एक गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यात शिरायला हवी. एजंटला घाबरवणारा तपासनीस नको असतो, हे खरंच आहे. सगळी घरं जुनी होतात, सगळीकडे काहीतरी निघतं. प्रत्येक भेग म्हणजे भूकंप असं लिहिणाऱ्यामुळे चांगले सौदे मोडतात. म्हणून कुठला दोष आजच दुरुस्त करायचा, कुठला वर्षभर थांबेल, कुठला नुसता दिसायला वाईट आहे, हे फोटोसकट वेगवेगळं लिहायचं, आणि ग्राहकाचा फोन आला की उचलायचा. पण न घाबरवणं वेगळं आणि लपवणं वेगळं. लपवलेली गळती पहिल्या पावसात बाहेर येते आणि फोन आधी एजंटलाच जातो. चांगल्या एजंटांना हे कळतं. तुमचं पत्र त्या चांगल्यांनाच दूर करतं आणि उरलेल्यांना गोळा करतं.

डोमेनचं, म्हणजे माझ्या ईमेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचं, राहिलं. तुम्ही एका सकाळी माझ्या कोऱ्या करकरीत डोमेनवरून 6,000च्या वर मेल सोडलेत. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू घाऊक मेल पाठवणाऱ्यांकडून एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (मेल खरंच त्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या खुणा) मागतात, एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय मागतात, आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्याच्या आत ठेवायला सांगतात. यातलं काय केलं होतंत? माझ्या ओळखीच्या एका संगणकवाल्याने पाहिलं, डीकिम आणि डीमार्क लावलेलंच नव्हतं. परिणाम असा की आता माझे खरे रिपोर्ट ग्राहकांच्या स्पॅममध्ये पडतात. मी 24 तासांत रिपोर्ट देतो म्हणून सांगतो. एका ताईंच्या करारात तपासणीवर हरकत घ्यायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. रात्री नऊ वाजता त्यांचा फोन, "अजून आला नाही." मी छापील प्रत घेऊन त्यांच्या दारात गेलो. तुमच्या सोमवारच्या अहवालात त्या दिवशीही हिरवाच बाण होता.

मला काय हवंय ते लिहितो. दुसरं पत्र ज्यांना ज्यांना गेलं त्या प्रत्येकाला खुलासा, तुमच्या नावाने आणि तुमच्या पत्त्यावरून, की कमिशनचा मजकूर तुमचा होता आणि मला न दाखवता गेला. त्याचा मसुदा आधी मला दाखवायचा, आणि मी बदललेला शब्द या वेळी खरोखर बदलायचा. वर्षाची वर्गणी पूर्ण परत. उरलेल्या महिन्यांचं 'क्रेडिट' नको, त्याचं मी काय करू, आणखी एक झडती घेऊ? डोमेनची पत सुधारेपर्यंतचा खर्च तुमचा. आणि 'पार्टनर ऑफर' तपासनिसांच्या पॅकेजमधून कायमची काढा. माझ्यासारखे आणखी किती जण स्वतःच्या सहीने लाच देऊ करत फिरताहेत, त्यांना पत्ताही नसेल.

पंधरा दिवस वाट बघेन. नंतर बँकेत व्यवहारावर हरकत, ग्राहक आयोगात अर्ज, आणि ते दुसरं पत्र जसंच्या तसं मी ओळखीच्या प्रत्येक तपासनिसाला पाठवणार. धमकी वाटत असेल तर वाटू द्या. मला फोन करू नका, जे असेल ते लेखी कळवा. कालचं रेकॉर्डिंग पुसू नका.

तुमचा (वर्गणी संपेपर्यंत) ग्राहक

ता. क. हे लिहून होईतो तुमचा निरोप आला: 'आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं असून तिकीट बंद करण्यात येत आहे.' तो मला स्पॅममध्ये सापडला.