गण ‘महिला’साठी सुटला, त्याबद्दल

पुणे,
१६ ऑक्टोबर २०२५

चि. प्रशांत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोडतीची बातमी तुझ्याआधी तुझ्या मावसभावानं कळवली. बरणीत चिठ्ठ्या टाकल्या, शाळेतल्या एका पोराला पुढं केलं, त्यानं हात घातला आणि पंचायत समितीचा आपला गण ‘सर्वसाधारण महिला’ निघाला. रात्री तुझा फोन आला तेव्हा तू दोनच गोष्टी बोललास. “सगळं पाण्यात गेलं,” आणि “आता सुनीताचा फॉर्म भरतो.” पहिलं ऐकून वाईट वाटलं. दुसऱ्यावर, म्हणजे बायकोला पुढं करण्यावर, तिथल्या तिथं बोलले असते तर ऐन दिवाळीत भांडण झालं असतं, म्हणून लिहायला बसले.

तुझी तक्रार खोटी नाही. टँकरमागं, पीकविम्यामागं तू फिरलास आणि ऐन वेळी आरक्षणाचं चक्र फिरलं. पण त्या चक्राचा मार बाईला जास्त बसतो, हे तुझ्या डोक्यात कधी येणार? निवडून आलेली बाई पाच वर्षांत अंदाजपत्रक वाचायला शिकते, साहेबांना प्रश्न विचारायला धजावते, आणि तोवर जागा खुली होते. मग तुमचेच पक्षवाले म्हणतात, “वहिनी, आता आराम करा.” तरीही जागा काही शिकवून जाते. राज्यशास्त्राचे अभ्यासक रिखिल भवनानी यांनी मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुकांचा अभ्यास केला होता. आधी महिलांसाठी राखीव असलेला प्रभाग पुढच्या वेळी खुला झाला, तरी तिथं बाई निवडून येण्याची शक्यता कधीच राखीव नसलेल्या प्रभागापेक्षा सुमारे पाचपट निघाली. म्हणजे शिकते ती फक्त बाई नाही, मतदारही शिकतात.

१९९२ ला मी झेडपीत गेले तेव्हा ३० टक्के जागा बायकांना नव्यानंच मिळाल्या होत्या. पहिल्या सभेला आम्हाला मागच्या रांगेत बसवलं. चहा यायचा, हजेरीवही यायची, सही झाली की कुणीतरी म्हणायचं, “ताई, तुम्ही निघालात तरी चालेल, लांब जायचंय.” बऱ्याच जणींचे मालक बाहेर व्हरांड्यात बसलेले असायचे आणि विषयपत्रिका त्यांच्याच पिशवीत. तुझे अण्णाही दोनदा आले होते. नंतर मीच त्यांना सांगितलं, घरची म्हैस कोण बघणार? सभेत चर्चा असायची ती मोऱ्या, डांबर आणि ठेकेदाराच्या बिलांची. एकदा मागच्या रांगेतली एक जण उभी राहिली आणि म्हणाली, आमच्या शाळेत सातवीच्या मुली दुपारनंतर घरी जातात, कारण संडास नाही. सभागृहात हशा पिकला. पण हसणाऱ्यांपैकी एकालाही ही गोष्ट ठाऊक नव्हती, आणि मागच्या रांगेत ती सगळ्यांना ठाऊक होती. प्रतिनिधी कशाला लागतो, याचं यापेक्षा सोपं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

तू म्हणालास, “गावपातळीवर कशाला प्रयोग, दिल्लीत द्या म्हणावं.” दिल्लीचं ऐक. महिला आरक्षणाचं विधेयक १९९६ ला देवेगौडांच्या काळात पहिल्यांदा आलं. नंतर दर काही वर्षांनी ते यायचं, आरडाओरडा व्हायचा आणि ते बारगळायचं. २०१० ला राज्यसभेत मंजूर झालं, पण लोकसभेत आणायचं धाडस कुणी केलं नाही. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेनं ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर केलं. ती विरोधातली दोन मतं ओवैसी आणि आपल्या संभाजीनगरचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांची. ओबीसी आणि मुस्लिम बायकांसाठी वेगळी तरतूद नाही, हे त्यांचं म्हणणं. मला त्यांचा एमआयएम पक्ष पटत नाही, पण प्रश्न बिनतोड होता. आपल्या पंचायत समितीत ओबीसी महिला हा प्रवर्ग असतो, मग संसदेत का नको?

आणि ४५४ जणांनी हात वर केले तरी जागा कुठं मिळाल्या? कायद्यातच लिहिलंय की आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, मग आरक्षण. २०२१ ची जनगणना लांबत लांबत आता २०२७ वर गेली आहे. तोवर २०२४ ची निवडणूक होऊनही गेली आणि ५४३ पैकी ७४ बाया निवडून आल्या, आधीच्या खेपेपेक्षा चार कमीच. आपल्या ४८ खासदारांत सात. राज्यसभा आणि विधान परिषद तर या कायद्यात धरलेल्याच नाहीत. खरं तर तिथं “बाईला लोक मत देत नाहीत” ही सबबच चालत नाही, कारण राज्यसभेच्या आणि परिषदेच्या बऱ्याच जागांची मतं आमदारांची आणि आमदार पक्षाच्या मुठीत. मनात असतं तर तिथं उद्याच्या उद्या अर्ध्या बायका पाठवता आल्या असत्या.

‘इलेक्टिव्ह मेरिट’, म्हणजे निवडून यायची ताकद, हा तुमच्या बैठकांतला लाडका शब्द. ओडिशात २०१९ ला नवीन पटनायकांनी कुठल्याही कायद्याची वाट न बघता लोकसभेच्या २१ पैकी सात तिकिटं बायकांना दिली. पाच निवडून आल्या. त्यातल्या आस्काच्या प्रमिला बिसोई बचत गटातल्या. ना मोठं शिक्षण, ना इंग्रजी. दोन लाखांहून जास्त मतांनी आल्या.

नुसत्या डोक्यांच्या मोजणीवर माझा भरवसा नाही, हेही सांगते. रवांडाच्या संसदेत निम्म्याहून जास्त बायका आहेत, तिथल्या राज्यघटनेनंच २००३ पासून जागा राखल्या. पण त्या देशात सत्तेला विरोध करणं बाईलाही जड जातं आणि पुरुषालाही. खुर्चीवर कोण बसलंय हे बघावंच, पण तिथून तोंड कुणाचं चालतंय हेही बघावं.

म्हणून “सुनीताचा फॉर्म भरतो” हे मला खटकलं. भरतो म्हणजे काय? तिला विचारलंस का? बचत गटाची वही ती ठेवते, बँकेच्या साहेबांशी व्याजावरून हुज्जत तीच घालते, आणि अंगणवाडीत पोषण आहार किती दिवस आला नाही हे तिला तारखेसकट पाठ असतं. उभी राहायचं की नाही, ते तिला ठरवू दे. नाही म्हणाली तर दुसरी बाई शोध आणि तिच्यासाठी फीर. फ्लेक्सवर तिचा फोटो नखाएवढा आणि तुझा पुरुषभर, असलं काही छापलंस तर मी प्रचाराला येणार नाही. निवडून आली तर सभेला ती एकटी जाईल. तू फार तर गाडीनं सोडून ये आणि पोरांच्या डब्याचं बघ.

कागदपत्रं आतापासून जमव. शौचालयाचा दाखला आणि थकबाकी नसल्याचा दाखला लागेल. निवडणूक खर्चासाठी बँकेत नवीन खातं काढावं लागतं, ते तिच्या एकटीच्या नावानं काढायचं आणि पासबुक तिच्याकडेच ठेवायचं.

भाऊबीज झाली की मी येते. काय ठरलं ते त्याआधी सुनीतानं मला फोन करून सांगावं. तू केलास तर मी उचलणार नाही.

तुझी,
आई