तालीमच समजा, बाबा

शेफिल्ड
इंग्लंड
रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांना आणि आजीला साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, खोली ऊबदार आहे, खोकला गेला. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे आई पुढचं नीट वाचेल.

पत्र अशासाठी की व्हिडिओ कॉलवर बाबा दोन मिनिटांत "घे, आईशी बोल" म्हणून उठतात, आजी फोन कानाला लावते, आणि मग मला अर्धा तास तिची मोत्याची कुडीच दिसते. गेल्या रविवारी बाबांनी विचारलं होतं, "मग ते दुकान कुणाचं, आणि तू तिथं नेमकं करतीस काय?" मी हसण्यावारी नेलं. तुम्ही हसला नाहीत, ते दिसलं मला.

दुकान कुणा एकाचं नाही. गावाच्या पूर्वेला ॲटरक्लिफ म्हणून भाग आहे, तिथं पूर्वी पोलादाचे कारखाने होते. (आई, स्टेनलेस स्टील याच गावात निघालं, १९१३ साली, हॅरी ब्रिअर्ली नावाच्या माणसाच्या हातून. म्हणजे तुझ्या मांडणीवरच्या डब्यांचं हे आजोळ.) कारखाने बंद पडत गेले. १९९१ च्या जागतिक विद्यार्थी स्पर्धांसाठी तिथं डॉन व्हॅली नावाचं मोठं स्टेडियम बांधलं. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलेली जेसिका एनिस याच गावची, तिथंच सराव करायची. आणि पुढच्याच वर्षी खर्च झेपेना म्हणून ते बंद करून पाडायला घेतलं! आपल्याकडं असं झालं असतं तर बाबा आठवडाभर जेवले नसते. आता त्या जागेला ऑलिंपिक लेगसी पार्क म्हणतात. शाळा आहे, पलीकडं बर्फावर घसरायचं मैदान आहे, २०२० पासून शेफिल्ड हॅलम विद्यापीठाचं व्यायामावरचं मोठं संशोधन केंद्र आहे. त्याच भागात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आम्ही चौदा जण बसतो. अट एकच, धंदा आरोग्याचा नाहीतर खेळाचा हवा. टेबलं, एक व्यायामाचा हॉल आणि तपासणीच्या दोन खोल्या सामाईक.

तालीमच समजा, बाबा. हौद सगळ्यांचा, माती उकरायची पाळी सगळ्यांची.

पण सुरुवातीला तालीम नव्हती, एसटी स्टँड होता. सगळे कानात बोंडं घालून पाठमोरे. आम्ही दोघी फिजिओ, तर ती माझ्याकडं बघायचीच नाही. मी तिचे पेशंट पळवीन अशी धास्ती. आहारवाली स्वतःची फाइल उपडी ठेवून पाणी प्यायला जायची. आणि मी? मीही तशीच. कोपऱ्यात माझं पातेलं, माझं आलं, माझा चहा.

आणि इथंच चूक झाली. हे जरा नीट सांगते, कारण मला समजायला तीन आठवडे लागले. इथं ऑफिसात आपल्यापुरता चहा करून घेत नाहीत. तल्लफ आली तर उठायचं आणि मोठ्यानं विचारायचं, "ब्रू?" ब्रू म्हणजे चहा. मग ज्यांना हवा त्यांचे मग गोळा करायचे, प्रत्येकाचा मग ठरलेला. फडताळाच्या दारावर कागद चिकटवलाय, कुणाला दूध किती, साखर किती, रंग कसा: एकाला विटकरी, एकाला नुसता ओला पुठ्ठा. चहा उकळत नाहीत हो, मगात पुडी टाकतात, वरून आधणाचं पाणी, मग पुडी पिळून दूध. तो सगळ्यांना नेऊन द्यायचा. पुढच्या खेपेला दुसरा उठतो. पाळी कुणी लिहून ठेवत नाही, पण कोण कधी उठला नाही हे सगळ्यांच्या लक्षात असतं, भिशीतला चुकार जसा बायकांच्या लक्षात असतो तसं. तुम्ही म्हणाल, त्यात काय? पण मी तीन आठवडे एकटीचा चहा करून एकटी पीत होते आणि अख्खा मजला मला शिष्ट समजत होता. तोंडावर कुणी बोललं नाही. तेही यांचं एक.

शेवटी सफाईवाल्या बाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी आलं ठेचून, साखर घालून पातेलंभर चहा उकळला आणि चौदा मग भरले. नऊ मग बेसिनमध्ये ओतलेले सापडले. पण बुटात घालायचे तळवे बनवणारा एक पोरगा तीन कप प्यायला आणि प्रथमच बोलला. त्या तळव्यांत सेन्सर असतात, कुठल्या पायावर किती भार पडतो ते फोनवर दिसतं. त्याचं दुखणं असं की त्यानं ते फक्त धावणाऱ्या तरण्याताठ्यांवर तपासलेले. लटपटणारा पाय त्याच्या आकड्यांत एकही नाही. मी म्हटलं, लटपटणारे पाय माझ्याकडं आहेत.

कारण मंगळवारी आणि शुक्रवारी हॉलमध्ये माझे म्हातारे येतात. अकरा जण, बरेचसे जुने पोलाद कामगार. उतारवयात माणूस पडला, खुब्याचं हाड मोडलं, की तिथून सावरणं अवघड. म्हणून त्यांच्या मांड्यांत ताकद आणायची. बाबा, मी त्यांना बैठका मारायला लावते! खुर्चीच्या बैठका, हात न टेकता उठायचं, बसायचं. मोजते मराठीत. ७९ वर्षांचे एक भट्टीवाले आजोबा माझ्याबरोबर "एक, दोन, तीन" ओरडतात, "पाच"ला मात्र "पाश" म्हणतात. आता त्या अकरांच्या बुटांत त्या पोराचे तळवे आहेत.

त्यानंतर बुधवारी दुपारी अर्धा तास सगळे एकत्र बसायला लागलो. प्रत्येकानं दोनच गोष्टी सांगायच्या: माझं काय अडलंय, आणि मी दुसऱ्याला काय देऊ शकतो. भाषण नाही. एकानं दुसऱ्याकडं पेशंट पाठवायचा तर पेशंटची लेखी परवानगी घेऊन, आणि कमिशनचं नाव काढायचं नाही. हा शेवटचा नियम मी हट्टानं घालायला लावला. का ते बाबांना ठाऊक आहे. हे सगळं मी सांभाळते, म्हणून माझ्या टेबलाचं भाडं माफ आहे. तुमच्या भाषेत मी मंडळाची चिटणीस. दुसऱ्या फिजिओबाई आता खांद्याचे पेशंट स्वतःकडं ठेवतात आणि गुडघे माझ्याकडं धाडतात.

सरकारी काम मागायचं तर हिशेबाची मागची वर्षं दाखवा, ५० लाख पौंडांचा विमा दाखवा. एकट्याकडं यातलं एक असतं, एक नसतं. मी, तळवेवाला आणि आहारवाली अशा तिघांनी मिळून अर्ज केला. पहिला नापास. दुसऱ्यातून सहा महिन्यांचं काम मिळालंय, दोन वस्त्यांतल्या ज्येष्ठांसाठी. छोटंच आहे.

तेव्हा "फिजिओ होऊन चहा वाटतीस" हे काकांचं बोलणं मनावर घेऊ नका. माझी इथल्या सरकारी नोंदवहीत रीतसर नोंदणी आहे, त्याशिवाय स्वतःला फिजिओ म्हणवून घेता येत नाही. आणि चहा वाटते म्हणजे पाळीनं वाटते. आई, परवा फोनमध्ये एक माणूस मला "लव्ह" म्हणाला ते तू ऐकलंस आणि गप्प झालीस. इथं बस ड्रायव्हरपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे सगळ्यांना "लव्ह" म्हणतात, गडीमाणसं एकमेकांनासुद्धा. तो तर कुरिअरवाला होता.

आता पैशाचं. सप्टेंबरमधला हप्ता उशिरा आला तेव्हा मी बँकेचा घोळ म्हणून सांगितलं होतं. घोळ बँकेचा नव्हता. मी ज्याच्यासाठी शब्द टाकला होता असा एक जण हॉलच्या भाड्यातला तीन महिन्यांचा वाटा बुडवून गेला. निम्मे मी भरले. आता फिटलंय, पण तुमच्याशी खोटं बोलले ते राहिलंच.

आणि व्हिसा. माझा आत्ताचा नोव्हेंबरात संपतो. हॉस्पिटलात नोकरी धरली तर सगळं सोपं आहे, बाबा हेच म्हणणार. स्वतःच्या धंद्यावर राहायचं तर वेगळा व्हिसा, आमचा धंदा नवा आहे आणि चालण्याजोगा आहे असं एका मान्यताप्राप्त संस्थेनं लिहून द्यावं लागतं. त्याला आरोग्याचा कर वर्षाला १,०३५ पौंड, तीन वर्षांचा एकदम. रुपयांत साडेतीन लाखांच्या वर जातात. मी दुसरा रस्ता धरायचं ठरवतेय. फुलेवाडीच्या घराचा हप्ता चुकणार नाही, मात्र वरचे दहा हजार काही महिने येणार नाहीत.

अर्ज चालू असताना देशाबाहेर गेलं की अर्ज मागे घेतला असं धरतात. पिंट्याच्या लग्नाचा मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा निघाला तर मी येऊ शकेन की नाही, सांगता येत नाही. त्याला मी अजून बोलले नाही. आई, तूच सांग. नको, मीच सांगते, तू फक्त त्याला रविवारी घरी थांबव. करवलीचा मान मावशीच्या सोनूला द्या. लग्नाच्या हॉलचे पैसे मात्र माझेच, त्यात वाद नको.

साताऱ्याच्या स्थळाला नाही म्हणून कळवा. मुलगा चांगला असेल. तिथं कुणी नाराज झालं तर माझ्या नावावर घाला.

बाबा, तुमचा गुडघा. आई म्हणते, जिना उतरताना तुम्ही कठड्याला दोन्ही हात लावता. अकरा परक्या माणसांना मी आठवड्यातून दोनदा उठवते-बसवते, आणि तुमचा व्यायाम व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळी होते. उद्यापासून एवढं करा: लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लास्टिकची नको, ती सरकते. हात छातीवर बांधून पाच वेळा उठा-बसा. किती सेकंद लागले ते आईनं कॅलेंडरवर लिहायचं. पंधराच्या वर गेले तर मला फोन करा, रात्री कितीही वाजता.

तुमची,
प्राजू