सुभेदार काका, तारीख मिळाली

आदरणीय सुभेदार काकांस,
साष्टांग नमस्कार.

माझ्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, अडलेल्या पेन्शनसाठी तुम्ही जे केलंत त्याबद्दल समोर येऊन आभार मानायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा तुम्ही "चहा घेतलास का?" म्हणून विषय बदललात आणि पुढच्या माणसाचे कागद हातात घेतलेत. म्हणून हे उघड पत्र. नाव लिहीत नाही, तुम्हाला चालणार नाही. पण साताऱ्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा-ये असणाऱ्यांना बाहेरच्या बाकावरचे, पायाशी कापडी पिशवी ठेवून बसलेले निवृत्त सुभेदार क्लार्क कोण, हे सांगायला लागत नाही.

अण्णांची हकीकत तुम्हाला पाठ आहे. तरी बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. १९७४ ला इन्फन्ट्रीत भरती, आणि पलटणीच्या मॉर्टर प्लाटूनमध्ये बरीच वर्षं. ८१ एमएमची मॉर्टर, म्हणजे उखळी तोफ. बॉम्ब नळीत सोडायचा, खाली वाकायचं, कानांवर हात. सराव असला की दिवसभर हेच. २४ वर्षं भरली आणि ३१ जुलै १९९८ ला ते हवालदार म्हणून घरी आले. डाव्या कानाने जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. आम्हा भावंडांना लहानपणापासून सवय, अण्णांशी बोलायचं तर उजवीकडे जाऊन उभं राहायचं. गावातल्या लोकांना ही सवय नव्हती. हाक मारली तरी बघत नाही म्हणून हवालदाराला माज आलाय, असं चार-दोन जण बोलायचेही.

सुटताना झालेल्या मेडिकल बोर्डाने अपंगत्व २० टक्के लिहिलं. डिसॅबिलिटी पेन्शनला किमान तेवढंच लागतं. पण त्याच फॉर्मवर पुढच्या रकान्यात लिहिलं की हे नोकरीमुळे झालेलं नाही आणि नोकरीने वाढलेलंही नाही. 'नाइदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रव्हेटेड.' फौजेतले लोक आद्याक्षरं जोडून याला 'नाना' म्हणतात. घरात "नानामुळं पेन्शन अडली" असं ऐकून मला कितीतरी वर्षं वाटायचं की दिल्लीत नाना नावाचे कुणी मोठे साहेब आहेत आणि त्यांचा आमच्या अण्णांवर राग आहे. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले होते.

फेब्रुवारी १९९९ मध्ये नकाराचं पत्र आलं. अण्णांनी सहा महिन्यांच्या मुदतीत अपील पाठवलं. उत्तर आलं नाही. आणि विषय संपला, असं आम्ही सगळे धरून चाललो.

पुढे २०१६ च्या ऑगस्टमध्ये मी पुन्हा अर्ज केला. भरतीच्या वेळी कानाचा दोष लिहिलेला नसेल तर तो नोकरीत झाला असंच आधी धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या धरमवीर सिंह प्रकरणात म्हटल्याचं एका माजी सैनिकाकडून कळलं होतं. अर्ज फिरला, अपील झालं, आणि २०१८ ला मंजुरी आली. पेन्शनसाठी २० टक्क्यांच्या जागी ५० टक्केही धरले गेले, कारण राम अवतार प्रकरणातल्या डिसेंबर २०१४ च्या निकालाने हा फायदा मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला होता. मी पेढे घेऊन साताऱ्याला आले. तुमची माझी पहिली भेट तीच.

तुम्ही पेढा घेतला, पत्र घेतलं, आणि म्हणालात, "पोरी, पैसं किती ते मागनं बघू. कवापासनं दिलंय ते वाच."

मी वाचलं. ऑगस्ट २०१३ पासून.

"आन् कान कवा गेला?"

काका, त्या प्रश्नापाशी मी गप्प झाले. १ ऑगस्ट १९९८ ते ऑगस्ट २०१३, पंधरा वर्षं त्या एका ओळीत कुणीतरी गिळली होती आणि मी पेढे वाटत होते. तुम्ही समजावून सांगितलंत की उशिरा दावा करणाऱ्याला मागची थकबाकी फार तर तीन वर्षांचीच द्यायची, असं २००८ च्या तरसेम सिंह निकालावर बोट ठेवून सांगतात. आमच्या बाबतीत २०१६ च्या अर्जातून तीन वर्षं वजा केली होती, बस्स. मग तुम्ही विचारलंत, "उशीर तुमचा हाय का त्यांचा? १९९९ च्या अपिलाचं काय झालं?" उत्तर आलं नाही, असं मी म्हणाले. "उत्तर आलं न्हाई म्हंजे निकाल लागला न्हाई. निकाल लागला न्हाई म्हंजे अपील अजून जित्तं हाय."

इतकं सरळ वाक्य मला त्या आधी एकाही कार्यालयात, एकाही साहेबाकडून ऐकायला मिळालं नव्हतं. एका एजंटाने मात्र थकबाकीचा तिसरा हिस्सा मागितला होता, तेही तारखेकडे न बघता. असले लोक माजी सैनिकांच्या घरांभोवती का घुटमळतात, हे वेगळं सांगायला नको.

तुम्ही ट्रंक उघडायला सांगितली. अण्णांची काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. त्यात डिस्चार्ज बुक, जुने फोटो, एक लोकरी मफलर, आणि तळाला वर्तमानपत्राखाली रजिस्टर पत्राची पोचपावती. जाड कागदाचं ते कार्ड, घडी पडलेलं, एक कोपरा उंदराने खाल्लेला. पण जांभळ्या शाईचा गोल शिक्का शाबूत होता. १४ जून १९९९.

तारीख बघून मी अण्णांना पाटीवर लिहून विचारलं की उत्तर आलं नाही तर पुन्हा का नाही लिहिलं? (मोठ्याने बोललेलं त्यांना आवडत नाही, म्हणतात ओरडू नकोस.) त्यांनी पाटी बाजूला ठेवली. म्हणाले, "तवा कारगिल चालू होतं. पोरं तिकडं मरत होती आन् मी माझ्या कानाचं रडगाणं लावू? माझा बोलावा येतोय का, ते बघत हुतो मी." आणि पुढे? पुढे लाज वाटली म्हणाले. एवढंच. अण्णांनी हे कधी सांगितलं नव्हतं आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. तुमच्या त्या एका कार्डापायी हे निघालं, काका. पैशाआधी मला हे मिळालं.

नुसत्या पोचपावतीवर भागणार नाही, असं तुमचं मत. कार्ड पोचलं, पण आत काय होतं हे कशावरून? म्हणून माहितीचा अधिकार. तुम्ही मला अर्ज शिकवलात तो अजून जपून ठेवलाय. "माझ्या वडिलांवर अन्याय झाला" वगैरे मी भरभरून लिहिलं होतं, तुम्ही लाल पेनने सगळं खोडलंत आणि तीन ओळी ठेवल्यात: अमुक तारखेला मिळालेल्या अपिलाची प्रत, त्यावरचे शेरे, त्यावर झालेला निर्णय. पहिलं उत्तर, रेकॉर्ड उपलब्ध नाही. मी खचले. तुम्ही दुसऱ्या दिवशी माहिती अधिकारातल्या पहिल्या अपिलाचा मसुदा घेऊन बाकावर हजर. त्यानंतर जो लखोटा आला त्यात अण्णांच्या अपिलाची झेरॉक्स होती, त्यांच्याच वळणदार अक्षरात, डोक्यावर तोच गोल शिक्का, तीच तारीख. समासात कुणीतरी दोन अक्षरी शेरा मारून सही केलेली. पुढची पानं नव्हतीच. ज्या कार्यालयाने ते कागद इतकी वर्षं दाबून ठेवले त्याचं नाव मी इथे घेत नाही. तिथेही शेवटी कुणीतरी फाइल शोधून काढलीच ना.

मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण, मुंबई. वकील तुम्ही सुचवले, पण तारखांचा तक्ता तुमचा. एकच पान. डावीकडे तारीख, मध्ये काय झालं, उजवीकडे पुरावा कुठल्या पानावर. वकीलसाहेब म्हणाले होते की माझ्याकडे येणारे लोक फाइल देतात, गोष्ट देत नाहीत. मधे कोरोना आला, तारखा लांबत गेल्या. सरकारी बाजूने अपेक्षेप्रमाणे तरसेम सिंह काढला. आमचं म्हणणं तुमच्याच बाकावरचं, जरा साहेबी भाषेत: हा माणूस झोपला नव्हता, वेळेत आला होता, दार उघडलं गेलं नाही.

२०२२ ला निकाल लागला. डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, १ ऑगस्ट १९९८ पासून. व्याज नाही; चार महिन्यांत रक्कम दिली नाही तरच ८ टक्के. व्याजाचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. तुम्ही म्हणालात ताणू नको, आणि मी ऐकलं. प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून सुधारित पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) निघून हातात यायला पुढचं वर्ष उजाडलं.

रक्कम किती, असं बरेच जण विचारतात. त्या काळी जवान ते हवालदार यांना शंभर टक्के अपंगत्वाचे महिना १,५५० रुपये होते, म्हणजे अण्णांच्या ५० टक्क्यांचे ७७५. २००६ नंतर दर बदलले. बंगला उठेल असा आकडा नाही. न्हाणीघर झालं, आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, थोडे पोस्टात आहेत.

अण्णांनी पीपीओची आकड्यांची पानं वाचलीच नाहीत. तारखेच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसले. मग आईला म्हणाले, "बघ, सुटलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं लिवलंय." त्या दिवशी संध्याकाळी ते पारावर जाऊन बसले आणि एकाने हाक मारली तेव्हा स्वतःच म्हणाले, "हिकडून बोल बाबा, तो कान पलटणीत ऱ्हायला." आयुष्यात पहिल्यांदा.

तुमचा माझ्याकडचा हिशेब मी लिहून ठेवलाय. झेरॉक्सचे ४६ रुपये तुम्ही घेतलेत, वरचे ४ परत केलेत. मुंबईला सोबत आलात तेव्हा एसटीचं तिकीट स्वतःचं स्वतः काढलंत. वडापावचे पैसे मी दिले, त्यावर तुम्ही परतीच्या अख्ख्या वाटेत कुरकुर केलीत.

येत्या रविवारी आमच्याकडे जेवायला यायचं आहे. आईने बाजरीची भाकरी आणि मटण ठरवलंय, तुम्ही माळकरी असलात तर आधी कळवा, वांगं करू. अण्णा सकाळपासून दाढी करून बसतील. बसताना तेवढं त्यांच्या उजव्या हाताला बसा.

तुमची,
हवालदारांची थोरली