रक्तपटांमागची रंगभूषा

संपादक महोदय,

कमी खर्चातल्या रक्तरंजित भयपटांवर आपल्याकडचे लेखन बहुधा ‘किती किळसवाणे’ यापाशीच थांबते. ते बनतात कसे, हे कुणी सांगत नाही. मग आपली लघुपट करणारी मुले बादलीभर लाल रंग ओततात आणि जखम काही खरी वाटत नाही.

अमेरिकेतला डेमियन लिओनी बघा. त्याचा ‘टेरिफायर’ (2016) हा रक्तरंजित भयपट लाख डॉलरच्याही आत झाला. ‘टेरिफायर 2’ (2022) सुमारे अडीच लाख डॉलरचा. लोकवर्गणीतून 50 हजार डॉलर मागितले होते, दोन लाखांवर जमले. कमाई दीड कोटी डॉलरच्या घरात गेली. लेखन, दिग्दर्शन, संकलन आणि कृत्रिम जखमा घडवणे, हे सगळे त्याच्याच हातचे. वार होताच कट घेण्याची पद्धत आहे, कारण जवळून जखमेचे बिंग फुटते. लिओनी कॅमेरा तिथेच रोखून धरतो. जखमेचा कृत्रिम तुकडा कुठल्या कोनातून किती वेळ खरा वाटेल, हे घडवतानाच त्याला कळलेले असते. तिसऱ्या भागाला (2024) खर्चायला 20 लाख डॉलर मिळाले, तेव्हा ही रंगभूषा क्रिस्टियन टिन्सली यांच्यासारख्या मुरलेल्या कारागिराकडे गेली. पहिल्या भागाची पटकथा मात्र कच्ची आहे आणि त्यातली बायकांवरची हिंसा उगाच लांबवलेली आहे, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या भागात नायिका सिएनाला घर, भाऊ, गेलेल्या वडिलांच्या खुणा मिळाल्या, तेव्हा कुठे भीतीला वजन आले.

आता कामाचे. रक्त स्वस्तच असते. बेकरी सामानाच्या दुकानातले 1 किलो लिक्विड ग्लुकोज, 200 मिलि कोमट पाणी, खायचा लाल रंग, निळ्याचे दोन-तीन थेंब आणि चमचाभर कोको. कोको विसरलात तर कॅमेऱ्यात ते सरबत दिसते. दिव्यांच्या उष्णतेने पाणी उडून मिश्रण घट्ट होते आणि जखमेपर्यंत रक्त नेणाऱ्या नळीतून जात नाही, म्हणून थोडे पातळ करून जवळ ठेवावे. टेकच्या आधी नळी रक्ताने भरून घ्यावी, नाहीतर आधी हवा फुसकन बाहेर येते. दाबासाठी फवारणीचा पंप उत्तम, पण नवा कोरा. शेतात वापरलेला कितीही धुतला तरी औषधाचा अंश राहतो आणि रक्त नटाच्या तोंडात जाते. प्रत्येक पोशाखाचे निदान तीन जोड हवेत. एकदा भिजलेला सदरा त्या दिवशी परत वापरता येत नाही.

खरा खर्च कृत्रिम त्वचेचा. अल्जिनेटने (पाण्यात कालवून साचा घ्यायची पूड) चेहऱ्याचा साचा घेताना नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या आणि एक माणूस फक्त श्वासावर लक्ष ठेवायला. दातांच्या दवाखान्यातले अल्जिनेट दोन-तीन मिनिटांत आवळते, म्हणजे घट्ट होते. अख्ख्या चेहऱ्याला सावकाश आवळणारेच घ्यावे. साचा निघाला की लगेच प्लास्टर ओतायचे, कारण पाणी उडाले की अल्जिनेट आक्रसते. पुढची चूक हमखास होते: जखम गंधकयुक्त मातीत घडवायची आणि तिच्या संपर्कात प्लॅटिनम सिलिकॉन (कृत्रिम त्वचेसाठीचे रबरासारखे द्रव्य) ओतायचे. ते आवळतच नाही, चिकट राहते. लेटेक्सचे हातमोजेही तोच घात करतात. आधी वाटीभर ओतून बघितले तर महागडा डबा वाचतो. रंगही सिलिकॉनचाच हवा. साधा मेकअप नटाने मान वळवताच पापुद्र्यासारखा सुटतो.

फरशी निसरडी होते, त्यामुळे रक्त आले की धावण्याचे दृश्य नाही. शस्त्र रबराचे असले तरी टेकच्या आधी सगळ्यांना हातात देऊन दाखवावे.

आपल्या परीक्षणांत छायालेखक, संगीतकार यांची नावे असतात. भयपटाच्या परीक्षणात रंगभूषाकाराचे नाव द्यावे आणि जखमेचे काम कसे उतरले आहे यावर दोन ओळी तरी लिहाव्यात, एवढी विनंती.

– एक रंगभूषाकार, कोल्हापूर